नाकापेक्षा साखळी जड

मंडळी, या विकांताचा विषय सॉफ्टवेअर नाही. विषय आहे पन्हळ! छपराच्या कडेला बसवलेली, पावसाचं पाणी गोळा करणारी पन्हळ आणि तिला जोडलेला, भिंतीलगत खाली उतरणारा उभा पाइप. हा पाइप काढून त्याच्या जागी शोभेची साखळी टांगायची फॅशन सध्या आपल्याकडच्या बंगलेवाल्यांत, रो-हाउसवाल्यांत आणि फार्महाउसवाल्यांत शिरली आहे. तिला 'रेन चेन' म्हणतात. पन्हळीच्या भोकातून ही साखळी जमिनीपर्यंत सोडायची, मग पाणी तिच्या कड्यांवरून किंवा तिला जोडलेल्या छोट्या छोट्या वाट्यांमधून झुळझुळत खाली येतं. खाली एखादं दगडी भांडं, चार गोटे, शेजारी नेचं. दिसायला झकास. रीळ तर त्याहून झकास.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जातील. आपल्या पावसात घराच्या मुख्य छपराचं पाणी साखळीवर सोडणं हा शुद्ध आचरटपणा आहे. पोर्चवर लावा, खिडकीवरच्या छोट्या छपराला लावा, हौस म्हणून जरूर लावा. पण 'पाइपाच्या जागी' लावू नका. आणि जो कोणी तुम्हाला ती 'पाइपाच्या जागी' म्हणून विकतोय, त्याला पैसे देण्याआधी दोन-चार साधे प्रश्न विचारा. ते प्रश्न कोणते, तेच आज लिहितोय.

मूळ वस्तूबद्दल मला काडीचाही राग नाही हे आधी स्पष्ट करतो. ही साखळी जपानची. तिकडे तिला 'कुसारी-दोई' म्हणतात. कुसारी म्हणजे साखळी आणि तोई म्हणजे पन्हळ, दोन शब्द जोडले की 'तोई'चं 'दोई' होतं. देवळांना आणि चहाच्या समारंभासाठी बांधलेल्या छोट्या चहागृहांना ती पूर्वापार लावली जाते. साखळीवरून उतरलेलं पाणी खाली एखाद्या भांड्यात किंवा गोट्यांच्या खड्ड्यात जातं. एडो काळात तर तिथल्या शहरांत आग विझवायला लागणारं पाणी म्हणून पावसाच्या पाण्याची पिंपं भरून ठेवायची पद्धत होती. म्हणजे पाऊस बघायचा, ऐकायचा आणि साठवायचाही, असा सगळा मामला. एखाद्या रिमझिम दुपारी अशी साखळी बघत बसण्यात जे सुख आहे ते मला पूर्ण मान्य आहे. त्या सुखावर टीका करणारा माणूस अरसिक म्हणायला हवा, आणि मी अरसिक नाही (बायकोचं मत वेगळं असू शकतं :)).

माझा राग आहे तो त्यातली फक्त साखळी उचलून आणण्यावर.

आता थोडं गणित. घाबरू नका, चौथीचं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. समजा तुमच्या रो-हाउसचं छप्पर साधारण ५४० चौरस फूट, म्हणजे ५० चौरस मीटर आहे. पाऊस ताशी १०० मिलिमीटरच्या वेगाने कोसळतोय. किती पाणी झालं? तासाला ५,००० लिटर. मिनिटाला ८३ लिटर. अजून सोपं करून सांगतो: दर ११ सेकंदांना १५ लिटरची एक बादली. आता डोळ्यासमोर आणा, की तुमच्या गच्चीवर एक माणूस उभा आहे आणि तो दर ११ सेकंदांना एक भरलेली बादली त्या नाजूक साखळीवर ओततो आहे. पहिल्या बादलीलाच ते 'झेन' वगैरे संपलं!

इथे हुशार वाचक म्हणेल, "अहो, ताशी १०० मिलिमीटर म्हणजे ढगफुटी! तुम्ही अपवाद सांगताय." तर तसं नाही. तासभर सलग पडून १०० मिलिमीटर भरला तर ती ढगफुटी. पण आपण बोलतोय ते वेगाबद्दल. त्याच वेगाने फक्त दहा मिनिटं पाऊस झाला तर भरतो जेमतेम १७ मिलिमीटर. मे महिन्यातली वळवाची एखादी चांगली सरसुद्धा एवढं सहज देऊन जाते. छपराला तासाभराच्या सरासरीशी काही देणंघेणं नसतं. त्याला सगळ्यात वाईट दहा मिनिटं काढायची असतात. आपल्या धंद्यात याला पीक लोड म्हणतात. सरासरी ट्रॅफिक बघून सर्व्हर घेणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. आणि खरा अपवादच हवा असेल तर २६ जुलै २००५ आहेच. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्यातल्या एका तासात १९०. ब्रिटिशांच्या वेळची मुंबईची गटारं ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मी या साखळ्यांचे जेवढे व्हिडिओ पाहिले त्यातले बरेचसे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातले, सिऍटल-पोर्टलँडकडचे होते. ऑनसाइटच्या कृपेने त्या भागात मी दोन हिवाळे काढले आहेत, त्यामुळे तिथला पाऊस चांगला परिचयाचा आहे. गंमत बघा. सिऍटलला वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याला शिवाजीनगरला साडेसातशेच्या आसपास. म्हणजे आकडे बघून कोणी म्हणेल की सिऍटलला चालतं तर पुण्यात पळायला हवं. पण सिऍटलचा पाऊस वर्षातल्या दीडशेहून जास्त दिवसांवर पसरलेला असतो. दिवसभर भुरभुर, भुरभुर. लोक छत्रीसुद्धा घेत नाहीत, नुसतं जाकिटाचं टोपडं ओढतात. असल्या पावसाला साखळी अगदी फिट्ट आहे. आपला पाऊस मात्र चार महिन्यांत सगळा हिशोब चुकता करतो आणि त्यातही काही मोजक्या दिवशी अंगावर येतो. मुंबईचा तर विषयच सोडा. टोकियोचा सगळ्यात ओला महिना ऑक्टोबर, सरासरी २३५ मिलिमीटरच्या आसपास. सांताक्रूझचा एकटा जुलै त्याच्या जवळजवळ चौपट.

साखळीवरून पाणी 'उतरतं' म्हणजे नक्की काय होतं, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं आहे. पाण्याची धार बारीक असेल तर ते धातूला चिकटून, कडीकडीने खाली येतं. धार वाढली की ते चिकटणं पुरेनासं होतं आणि पाणी साखळी सोडून मोकळं पडायला लागतं. घरी करून बघा. नळाखाली कुठलीही साखळी धरा, सायकलच्या कुलपाचीसुद्धा चालेल. नळ बारीक सोडा, पाणी शहाण्यासारखं साखळी धरून उतरेल. नळ पूर्ण सोडा आणि शर्ट बदलायला जा. वाट्यावाल्या साखळ्या कड्यांच्या साखळ्यांपेक्षा थोडं जास्त पाणी सांभाळतात हे खरं, पण 'थोडं जास्त' म्हणजे मिनिटाला ८३ लिटर नव्हे. त्यापुढे साखळी फक्त धारेच्या मध्ये लोंबकळत असते आणि पाणी कुठे पडायचं ते वारा ठरवतो. तीन मीटरवरून मोकळं पडलेलं पाणी जमिनीला पोचतं तेव्हा त्याचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. ते आपटतं, उडतं आणि बाजूच्या भिंतीला जाऊन बसतं.

आता पाइपाचं बघा. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये यासाठी सरळ तक्ता दिलेला आहे. ताशी १०० मिलिमीटर पाऊस धरला तर १०० मिलिमीटर व्यासाचा (म्हणजे आपला चार इंची) एक उभा पाइप ४२.७ चौरस मीटर छपराला पुरतो. म्हणजे वरच्या ५० चौरस मीटरच्या छपराला दोन पाइप हवेत. बोअरिंग आहे, पण तिथे आकडा आहे. कोणीतरी बसून हिशोब केला आहे. साखळी विकणाऱ्याला एकदा विचारून बघा, "ही किती चौरस मीटर छपराला चालते? आणि किती पावसाला?" मी तिघांना विचारलं. एकाने लांबी सांगितली. दुसऱ्याने वजन सांगितलं. तिसरा म्हणाला, "सर, हे प्रीमियम आहे." :)

माझ्या एका मित्राने पुण्याच्या पश्चिमेला रो-हाउस घेतलं आणि दर्शनी बाजूचे दोन्ही पाइप काढून साखळ्या लावल्या. आर्किटेक्टचं म्हणणं, "सर, पाइपमुळे एलेव्हेशन मरतंय." मित्राचे वडील तिथेच उभे होते. आयुष्यभर बांधकामावर सुपरवायझर म्हणून काढलेला माणूस. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अहो, पण पाणी पडणार कुठे?" त्यावर उत्तर आलं, "काका, ते लँडस्केपवाला बघेल." लँडस्केपवाल्याने गोटे पसरले आणि तो म्हणाला की ड्रेनेज प्लंबरकडे आहे. प्लंबर म्हणाला, मला कोणी सांगितलंच नाही. (हे संभाषण ज्यांना ओळखीचं वाटतंय त्यांनी आपापल्या प्रोजेक्टचं नाव मनात घ्यावं.)

पहिल्याच जुलैत जे व्हायचं ते झालं. वाऱ्याने पाणी जिन्याच्या भिंतीवर फेकलं गेलं. आतून ओल आली, रंगाचे पोपडे निघाले, पुढे लोणा लागला. कोपऱ्यावर गोट्यांचं तळं झालं. साखळीचं खालचं टोक मोकळं होतं, ते रात्रभर काचेच्या सरकत्या दारावर आपटत राहिलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उडणारं पाणी शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीकडे जायला लागलं. शेजारच्या काकू दोनदा चांगल्या शब्दांत बोलल्या, तिसऱ्यांदा सोसायटीला पत्र गेलं. ज्या लोकांबरोबर पुढची वीस वर्षं (म्हणजे निदान ईएमआय फिटेपर्यंत!) राहायचं, त्यांच्याशी पहिल्याच पावसाळ्यात भांडण, ते कशासाठी, तर एलेव्हेशनसाठी. दिवाळीनंतर पाइप परत लागले. पाइपांचा खर्च किरकोळ होता. भिंतीचं प्लास्टर, वॉटरप्रूफिंग आणि रंग यांचं बिल मात्र साखळ्यांच्या किमतीच्या कितीतरी पट.

ओल ही गोष्ट आपल्या पिढीला फारशी गंभीर वाटत नाही, कारण आपण बहुतेक जण पाचव्या-सातव्या मजल्यावर भाड्याने राहिलो आहोत. जमिनीवरच्या घराची गोष्ट वेगळी असते. छपराचं सगळं पाणी घराच्या कोपऱ्याशी, जोत्याला खेटून ओतलंत तर ते मुरतं, आणि मुरलेलं पाणी भिंतीतून वर चढतं. त्यात तुमचा प्लॉट काळ्या मातीचा असेल तर आणखीच मजा. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगाळते. पायाच्या एकाच कोपऱ्याला दर पावसाळ्यात फुगवायचं आणि दर उन्हाळ्यात सुकवायचं, याचा परिणाम भिंतींवर तिरक्या तड्यांच्या रूपाने दिसतो. ज्या घरासाठी आपण पगाराचा निम्मा भाग देतोय, ज्यात उद्या आईवडील येऊन राहणार आहेत, त्या घराच्या पायाशी हा खेळ करायचा का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि ते खालचं सुंदर दगडी भांडं! त्यात पाणी साठतं. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार. ऑगस्टमध्ये महापालिकेचे लोक कुंड्यांखालच्या ताटल्या तपासत फिरतात, नोटिसा देतात, दंड करतात. आपण मात्र दारातच एक खास नक्षीदार ताटली मांडून ठेवतो.

आता समोरच्या बाजूचंही ऐकू. साखळीवाल्यांचे मुख्य मुद्दे तीन आहेत.

पहिला, पाइप तुंबतो, साखळी तुंबत नाही. ऐकायला बरोबर वाटतं. पण पाइप बहुतेक वेळा तुंबतो तो तोंडाशी, जिथे पानं, कागद, कबुतरांची पिसं येऊन अडकतात. ते तोंड पन्हळीलाच असतं आणि साखळी लावली तरी ते तिथेच राहतं. उलट त्या भोकातून साखळी ओवली की कचऱ्याला अडकायला आणखी एक जागा मिळते. उपाय जुनाच आहे. तोंडावर घुमटी जाळी बसवायची आणि मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, शिडी लावून पन्हळ साफ करायची. साखळी आहे म्हणून हे काम कोणालाही चुकत नाही.

दुसरा, पाइप भिंतीत फुटला तर कळतही नाही, साखळी निदान डोळ्यासमोर असते. हा मुद्दा मात्र मला शंभर टक्के मान्य आहे! भिंतीत, खांबात पाइप गाडून टाकणं हा साखळीइतकाच मोठा गाढवपणा आहे, आणि तोही 'एलेव्हेशन'साठीच केला जातो. जे बिघडणार आहे ते दिसलं पाहिजे, हाताला लागलं पाहिजे, बदलता आलं पाहिजे. लॉग न लिहिणारा सर्व्हर आणि भिंतीत गाडलेला पाइप यांची मालिका एकच. पण त्यावरचा उपाय उघडा पाइप हा आहे. भिंतीच्या बाहेरून, क्लॅम्पवर, भिंतीपासून दोन बोटं सोडून. पाइप कुरूप वाटत असेल तर भिंतीच्या रंगात रंगवा. तांब्याचाच सोस असेल तर तांब्याचा पाइप लावा, कोणी अडवलंय?

तिसरा मुद्दा सगळ्यात जोरदार. "जपानात वादळं येतात, तरी तिथे चालतं ना?" चालतं, पण कुठे चालतं ते बघा. जपानमधल्या साध्या शहरी घरांना आज पीव्हीसीच्या पन्हळी आणि उभे पाइपच असतात. साखळी दिसते ती मुख्यतः देवळांना, चहागृहांना, हौसेने बांधलेल्या घरांना. आणि या इमारतींकडे नीट बघितलंत तर साखळीपेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी दिसतात. एक, छप्पर भिंतीच्या कितीतरी पुढे आलेलं असतं, त्यामुळे साखळी भिंतीपासून लांब लटकते. दोन, छपराच्या कडेखाली जमिनीवर गोट्यांचा किंवा दगडांचा पट्टा असतो, पडलेलं पाणी झेलून वाहून नेणारा. त्याला ते 'आमाओची' म्हणतात, म्हणजे जिथे पाऊस पडतो ती जागा. त्या कारागिरांनी पाणी कुठे पडणार ते आधी ठरवलं आणि मग साखळी टांगली. आपण मात्र साखळी आधी ऑर्डर करतो.

पावसाचा खरा मान जपानने कसा ठेवला हे बघायचं असेल तर टोकियोच्या सुमिदा भागातलं सुमो कुस्त्यांचं कोकुगिकान बघा. १९८५ साली सुरू झालेली ही इमारत बांधताना छपरावरचं पाणी वापरायचं ठरलं. सुमिदाच्या स्थानिक प्रशासनातले मुरासे माकोतो त्यासाठी पाठीमागे लागले होते, पुढे जगभर लोक त्यांना पावसाच्या पाण्याचे डॉक्टर म्हणून ओळखायला लागले. सुमारे ८,४०० चौरस मीटर छप्पर आणि जमिनीखाली १,००० घनमीटरची टाकी. ते पाणी संडासांना वगैरे वापरतात. तिथलं काम साध्या पाइपांचं आणि टाकीचं आहे. त्याचं रीळ कोणी बनवत नाही, पण पाणी वापरलं जातं.

आणि खरं सांगायचं तर यासाठी जपानपर्यंत जायचीही गरज नाही. कोकणातलं कुठलंही जुनं कौलारू घर आठवा. तिथे पन्हळच नसायची! छप्पर उतरतं, चांगलं दोन-तीन हात पुढे आलेलं. पाणी पागोळ्यांच्या रूपाने लांब पडायचं. भिंती मातीच्या किंवा चिऱ्याच्या, त्यांना पाणी लागू द्यायचं नाही हा पहिला नियम. म्हणून उंच दगडी जोतं, म्हणून पडवी, म्हणून वाऱ्याच्या बाजूला पावसाळ्यापुरते बांधलेले झाप. पागोळ्या पडायच्या तिथे दगड किंवा चर, आणि चराचं पाणी माडा-केळींकडे. 'आढ्याचं पाणी वळचणीला' ही म्हण आपण येताजाता वापरतो, पण वळचण म्हणजे काय हे विचारलं तर आपल्यातले निम्मे लोक मोबाइल काढतील. पागोळ्या बघत बसण्याचं सुख साखळीपेक्षा तसूभरही कमी नव्हतं. फक्त ते फुकट होतं आणि त्याच्यामागे भिंत कोरडी होती.

आता आपण काय केलं? वळचण कापली. ठोकळ्यासारखं घर, सपाट भिंत, भिंतीच्या बाहेर वीतभरही न येणारं छप्पर, कारण सध्या तेच 'क्लीन' दिसतं. पावसापासून भिंतीला वाचवणारी गोष्ट काढून टाकली आणि तिच्या जागी पावसाची शोभा करणारी गोष्ट विकत आणली. मोती चांगलाच आहे हो, पण आधी नाक बघा.

माझा मूळ आक्षेप इथे आहे. साखळी हे निमित्त. घर बांधताना किंवा सजवताना आपण, चांगले शिकलेले, दिवसभर कॅपॅसिटी प्लॅनिंगवर मीटिंगा घेणारे लोक, फक्त डेमो बघून वस्तू घेतो. डेमोमध्ये नेहमी रिमझिमच असते. सव्वीस जुलैच्या दिवशी रेन चेनचा व्हिडिओ काढायला कोणी बाहेर थांबत नाही. आपल्या हापिसात एखाद्याने असं सॉफ्टवेअर आणलं, की जे दिसतं छान पण किती लोड घेईल ते बनवणाऱ्यालाही माहीत नाही, फेल झालं तर कुठे फेल होईल ते माहीत नाही, आणि फेल झाल्यावर दुरुस्त कोण करणार तेही ठरलेलं नाही, तर आपण त्याला दहा मिनिटांत मीटिंगबाहेर काढू. मग तेच आपण घरी आलो की डोकं चपलांबरोबर दाराबाहेर का काढून ठेवतो?

असो. नुसती खोड काढणं हा काही धर्म नाही, तेव्हा ज्यांना साखळी हवीच आहे त्यांच्यासाठी माझी अट-यादी:

१. मुख्य छपराला हात लावू नका. साखळी फक्त छोट्या छपराला. ६ चौरस मीटर म्हणजे साधारण ६५ चौरस फुटांचं पोर्च घ्या. ताशी १०० मिलिमीटर पावसातही त्याचं पाणी मिनिटाला १० लिटर होतं, म्हणजे घरातला एक नळ. एवढं वाट्यांची साखळी बऱ्यापैकी सांभाळते.

२. साखळी भिंतीपासून निदान दोन फूट लांब हवी. छप्पर तेवढं बाहेर आलेलं नसेल तर विषय तिथेच संपला.

३. खालचं टोक जमिनीत पक्कं अडकवा. मोकळी साखळी म्हणजे वाऱ्याच्या हातातला चाबूक.

४. खाली भांडं हवं असेल तर त्याच्या तळाला भोक हवं. गोट्यांच्या खाली जाळीचं चेंबर, तिथून पाणी शोषखड्ड्याला, टाकीला किंवा बोअरच्या पुनर्भरणाला. जोत्याभोवती घरापासून बाहेर उताराची पक्की फरशी. हा खर्च साखळीपेक्षा जास्त येईल. येऊ दे, कारण खरं काम हेच आहे.

५. सगळं झाल्यावर गच्चीवर चढा आणि पन्हळीत बादल्या ओता, एकामागून एक. पाणी कुठे जातं ते खाली उभं राहून कोणालातरी बघायला सांगा. पावसाने टेस्टिंग करण्याआधी आपण केलेलं बरं.

यातलं एकही काम करायचं नसेल तर साखळी दिवाणखान्यात टांगा. छान दिसेल.

आणि घर नवीन बांधत असाल तर एलेव्हेशनच्या रंगीत प्रिंटवर सही करायच्या आधी आर्किटेक्टला तो मित्राच्या वडिलांचा प्रश्न जरूर विचारा, फक्त आकड्यासकट: "ताशी शंभर मिलिमीटर पाऊस आला तर हे सगळं पाणी कुठे पडणार, आणि तिथून कुठे जाणार?" उत्तर नकाशावर बोट ठेवून मिळालं तर माणूस चांगला आहे, त्याला साखळीसुद्धा लावू द्या. "ते लँडस्केपवाला बघेल" असं मिळालं, तर छत्री उघडा आणि दुसरा आर्किटेक्ट शोधा.